पेट-सीटी स्कॅन: जाण्यापूर्वी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६१, लिम्फोमाचं, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचं, निदान झालेलं. केमोच्या चार सायकल झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पेट-सीटी करायला सांगितलं आहे. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू. पहिल्या रिपोर्टमध्ये ‘एसयूव्ही मॅक्स १४’ लिहिलं होतं. विचारणाऱ्या ताईंच्या शंका चार: उपाशी राहायचं म्हणजे शुगरचं काय, रेडिएशनमुळे आजार वाढेल का, गरोदर बहीण सोबत जाऊ शकते का, आणि रिपोर्टमधले आकडे वाचायचे कसे.

मी न्यूक्लियर मेडिसिनचा डॉक्टर आहे, दिवसभर हेच स्कॅन वाचत असतो. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, बाकीची बरीचशी उत्तरं तिच्यातूनच निघतात. पेट स्कॅन कॅन्सर शोधत नाही. तो साखर कुठे खर्च होतेय ते दाखवतो. आपण शिरेतून जे औषध देतो, एफडीजी, ते ग्लुकोजसारखंच दिसणारं एक रेणू आहे आणि त्याला फ्लोरीन-१८ नावाचा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पहिली रासायनिक पायरी पार पाडतात आणि मग पुढे काही करता येत नाही म्हणून ते आतच अडकून राहतं. जिथे जास्त अडकलं तिथे पडद्यावर उजेड. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर हावरटासारखी ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. पण साखर ओढणारे शरीरात बाकीही बरेच असतात: मेंदू, हृदय, नुकताच व्यायाम झालेले स्नायू, जंतुसंसर्ग झालेली जागा, भरून येणारी जखम. उजेड कशामुळे आहे हे ठरवणं हे वाचणाऱ्याचं काम, आणि त्यासाठी लागणारी निम्मी माहिती फक्त पेशंटकडे असते.

एक उदाहरण देतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते नीट कळेल. स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार पूर्ण झालेल्या एका बाईंचा स्कॅन समोर होता. सगळीकडे शांत, फक्त डाव्या काखेत तीन-चार छोट्या गाठी उजळलेल्या. मूळ आजार उजव्या बाजूचा. बाहेर येऊन त्यांना विचारलं, गेल्या महिन्याभरात कसलं इंजेक्शन घेतलंय का? “हो, लस घेतली ना दोन आठवड्यांपूर्वी, डाव्या दंडात.” लस टोचली की त्या बाजूच्या लसीकाग्रंथी कामाला लागतात आणि साखर खातात, कोविडच्या लसीकरणाच्या काळात अशा काखा आम्ही रोज बघत होतो. हे त्यांनी सांगितलं नसतं तर रिपोर्टमध्ये संशय लिहावा लागला असता, पुढे सोनोग्राफी, कदाचित बायोप्सी, आणि मधले सगळे दिवस घरातल्यांना झोप नाही. फॉर्मवर ‘अलीकडे घेतलेल्या लसी’ असा रकाना होता. त्यांनी तो मोकळा सोडला होता, कारण कॅन्सरच्या तपासणीशी लसीचा काय संबंध असं त्यांना वाटलं.

तर आईंच्या बाबतीत काय काय सांगायचं? शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन, ज्याला जी-सीएसएफ म्हणतात, ते दिलं होतं का आणि कधी. हे फार महत्त्वाचं, कारण त्या इंजेक्शनमुळे हाडांमधली मज्जा जोरात काम करायला लागते आणि पाठीचा अख्खा कणा, कंबर, मांडीची हाडं एकसारखी उजळतात. तारीख माहीत असेल तर वाचणारा लगेच ओळखतो. माहीत नसेल तर लिम्फोमा मज्जेत शिरला की काय अशी शंका येते. अलीकडे ताप, खोकला, दाताचं दुखणं, कुठे पडणं-लागणं, ऑपरेशन, बायोप्सी, रेडिएशनचे उपचार, पूर्वी झालेला टीबी, हे सगळं सांगा. टीबीच्या गाठी तर पेट स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारख्या पेटू शकतात. आणि पहिल्या स्कॅनची सीडी सोबत न्या. नुसता कागद पुरत नाही, आम्हाला चित्राशेजारी चित्र ठेवून बघायचं असतं.

तारखेबद्दल आणखी थोडं. केमो झाल्या झाल्या स्कॅन केला तर चित्र फसवं येतं. निदान दहा दिवस तरी मधे जावेत, आणि जमेल तेव्हा पुढच्या सायकलच्या अगदी आधी तो ठेवतात. रेडिएशनचे उपचार झाले असतील तर साधारण तीन महिने थांबतात, कारण भाजलेल्या ऊतींची सूज तोवर उजळतच राहते. तुमच्या डॉक्टरांनी तारीख मुद्दाम पुढची दिली असेल तर तो हलगर्जीपणा समजू नका. ‘लवकरची अपॉइंटमेंट मिळतेय, घेऊन टाकू’ असं परस्पर मात्र करू नका.

आता उपासाचं. बहुतेक ठिकाणी चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. साधं पाणी चालतं, चालतं काय, प्यायलाच हवं. साखर नसलेला चहासुद्धा विचारल्याशिवाय नको, सरबत, दूध, गोळ्या-चॉकलेट, च्युइंगगम काही नको. कारण सोपं आहे: रक्तात साखर जास्त असली की ती आपल्या औषधाशी स्पर्धा करते आणि इन्सुलिन वाढलं की सगळं औषध स्नायूंमध्ये ढकललं जातं. मग पडद्यावर दंड, मांड्या, हृदय उजळलेले आणि ज्या गाठींसाठी स्कॅन केला त्या फिकट. याच कारणासाठी आदल्या दिवशी व्यायाम, लांब चालणं, वजन उचलणं टाळायचं. त्या आदल्या दिवशी पिष्टमय आणि गोड पदार्थ कमी ठेवायला काही केंद्रं सांगतात. सांगितलं असेल तर पाळा.

मधुमेह असेल तर ही तयारी घरच्या घरी ठरवण्यासारखी नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की पेशंटला मधुमेह आहे, आणि कोणतं इन्सुलिन किती वाजता घेतात ते नावासकट सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांना बऱ्याचदा सकाळची पहिली वेळ न देता उशिराची देतात: लवकर नाश्ता, त्याबरोबर नेहमीचं इन्सुलिन, आणि मग स्कॅनच्या इंजेक्शनपर्यंत काही खायचं नाही. झटपट काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजी यांच्यात निदान चार तासांचं अंतर लागतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी खूप उजळतात, म्हणून पोटातला आजार बघायचा असेल तर ती ४८ तास आधी थांबवायला सांगू शकतात. पण ती थांबवायची की नाही हे मधुमेहाचे डॉक्टर आणि स्कॅनवाले मिळून ठरवतील, तुम्ही नाही. केंद्रात गेल्यावर आधी बोटातून रक्त घेऊन शुगर तपासतात. साधारण २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पुढे जातात. वर असेल तर थोडं थांबवतात, पाणी पाजतात, नाहीतर दुसरा दिवस देतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा: उपाशी असताना आईंना घाम, थरथर, चक्कर, गोंधळल्यासारखं व्हायला लागलं तर स्कॅन गेला खड्ड्यात, आधी साखर द्या. स्कॅन दुसऱ्या दिवशी होतो. ‘इतका वेळ काढला, आता थोडक्यासाठी कशाला मोडायचं’ म्हणून शुगर कमी झालेलं लपवणारे पेशंट मी पाहिले आहेत. असं करू नये.

केंद्रात ताटकळत बसावं लागतं ही तक्रार नेहमीची, आणि ती खरी आहे. त्यामागचं कारण कळलं तर राग थोडा कमी होईल. फ्लोरीन-१८ सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं. ते साठवून ठेवता येत नाही. सकाळी तयार झालेली कुपी जसजशी दिवस सरेल तशी कमजोर होत जाते, म्हणून प्रत्येक पेशंटची वेळ त्या हिशेबाने लावलेली असते. सायक्लोट्रॉन बंद पडला किंवा गाडी वाटेत अडकली की अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं. तेव्हा निघण्यापूर्वी एक फोन करा, औषध आलंय का म्हणून. आणि तुम्ही तासभर उशिरा पोचलात तर तुमच्या नावाचा डोस तोवर बराच विरलेला असतो, हेही ध्यानात घ्या.

इंजेक्शननंतरचा तास हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आईंना एका खोलीत आरामखुर्चीवर किंवा पलंगावर बसवतील, दिवे मंद करतील, अंगावर पांघरूण देतील. साधारण ६० मिनिटं काहीही न करता पडून राहायचं. लोकांना वाटतं ही नुसती वाट बघायची वेळ. पण औषध याच तासात शरीरभर जाऊन आपापल्या जागी बसत असतं, आणि त्या वेळी जो स्नायू काम करेल तो ते ओढून घेईल. फोनवर बोलत बसलात तर स्वरयंत्र उजळतं. च्युइंगगम चघळलं तर जबड्याचे स्नायू. थंडी वाजली तर मानेच्या आणि खांद्यांच्या बाजूला असणारी तपकिरी चरबी उष्णता तयार करायला लागते आणि नेमकी त्याच भागात लखलखते जिथे लिम्फोमाच्या गाठी शोधायच्या असतात. म्हणून येतानाच गरम कपडे घाला, आणि खोली गार वाटली तर निःसंकोच आणखी एक पांघरूण मागा. मोबाइल बाहेर कोणाकडे तरी देऊन टाकलेला बरा.

सुई टोचल्यावर हातात जळजळ किंवा फुगवटा जाणवला तर लगेच सांगा. औषध शिरेबाहेर गळलं तर इजा सहसा होत नाही, पण शरीरात कमी औषध पोचतं आणि सगळे आकडे खोटेच कमी दिसतात.

मशीनमध्ये जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं, कारण हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातलं बाकी सगळं झाकून टाकतं. मग पाठीवर झोपायचं, हात शक्यतो डोक्यावर, आणि पंधरा ते तीस मिनिटं हलायचं नाही. एमआरआयसारखा ठोकल्याचा आवाज नसतो आणि बोगदाही तेवढा अरुंद नसतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा, त्यावर उपाय असतात. ज्यांना पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं आहे त्यांनी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यावी. आधी सीटी, म्हणजे अवयवांची रचना दाखवणारा एक्स-रे स्कॅन होतो आणि नंतर पेट. मधे अंग हललं की दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. श्वास मोठा घेऊन धरून ठेवायची गरज नसते, उलट शांत, उथळ श्वास हवा. फुफ्फुसाच्या तळाशी असलेली गाठ श्वासामुळे यकृतात असल्यासारखी दिसते, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

सीटीसाठी आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध, देणार असतील तर किडनीचा रिपोर्ट लागतो. ते शिरेत जाताना अंगभर गरम वाटतं, तोंडात धातूची चव येते, आणि लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही, काळजी नको. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल किंवा श्वास लागला असेल तर ते आधीच सांगा. मासे-कोळंबीची ॲलर्जी असली म्हणजे कॉन्ट्रास्ट चालत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे.

रेडिएशन. पेटच्या औषधातून साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं एकक), आणि सीटी कोणत्या प्रकारचा करतात त्यावर आणखी काही. एकंदर बहुधा १० ते २५च्या दरम्यान. तुलनेला सांगायचं तर जमीन, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एका स्कॅनमध्ये काही वर्षांचं नैसर्गिक रेडिएशन. शून्य नाही, पण स्कॅनमुळे असलेला लिम्फोमा वाढत नाही, आणि ६१व्या वर्षी, चालू उपचार योग्य आहे की बदलायला हवा हे ठरवायचं असताना, हा व्यवहार मी डोळे झाकून करीन. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. उपचार संपले, आजार पूर्ण गेला, पेशंटला काही त्रास नाही, आणि तरी ‘मनाच्या समाधानासाठी’ दर सहा महिन्यांनी पेट. लिम्फोमात अशा नेमाने केलेल्या पेट स्कॅनची शिफारस केली जात नाही. त्यातून समाधानापेक्षा खोटे संशय जास्त निघतात. पुढे कधी कोणी सुचवलं तर एवढंच विचारा: या स्कॅनच्या उत्तरावर उपचारात काय बदलणार आहे?

गरोदर बहिणीने त्या दिवशी सोबत जाऊ नये. इंजेक्शननंतर काही तास आईंच्या अंगातूनच किरण बाहेर पडत असतात. दर ११० मिनिटांनी निम्मं, म्हणजे अकरा तासांनी चौसष्टावा हिस्सा, आणि लघवीतून जातं ते वेगळंच. बहुतेक केंद्रं सहा तास किंवा दिवसभर गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांना जवळ घेऊन बसू नका असं सांगतात. आपल्या केंद्राने जे सांगितलं ते धरा. त्या वेळात भरपूर पाणी पिणं, वारंवार लघवीला जाणं, फ्लश नीट करणं आणि हात धुणं एवढं पुरतं. भांडी-कपडे वेगळे ठेवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने आईंना खुशाल मिठी मारावी. पेशंट स्वतः गरोदर असेल, तशी शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असेल तर मात्र ते इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं.

आता रिपोर्ट. एसयूव्ही म्हणजे दिलेल्या औषधाच्या आणि वजनाच्या मानाने एखाद्या जागी औषध किती पट साठलं तो आकडा. तो शुगरप्रमाणे बदलतो, इंजेक्शन आणि स्कॅन यांच्यात किती वेळ गेला त्याप्रमाणे बदलतो, मशीनप्रमाणेही बदलतो. त्याच पेशंटचा तोच स्कॅन दोन दिवसांनी परत केला तरी दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून ४.१ चं ४.५ झालं म्हणून रडू नये आणि ४.५ चं ४.१ झालं म्हणून पेढे वाटू नयेत. शक्य असेल तर पुढचा स्कॅन त्याच केंद्रात, त्याच मशीनवर करा. आणि आकडा म्हणजे आजाराची पायरी नव्हे. पहिल्या स्कॅनमधला १४ ऐकून तुम्ही घाबरलात, पण काही लिम्फोमा स्वभावतःच जास्त साखर खातात, आणि त्यातले बरेच केमोला चांगला प्रतिसादही देतात.

लिम्फोमात आता आकड्यापेक्षा डोविल स्कोअर बघा. फ्रान्समधल्या डोविल गावी २००९मध्ये झालेल्या बैठकीतून ही पद्धत आली. उरलेल्या गाठीचा उजेड पेशंटच्याच छातीतल्या रक्ताशी आणि यकृताशी ताडून बघतात. १ म्हणजे काहीच उजेड नाही, २ म्हणजे छातीतल्या रक्ताइतका किंवा कमी, ३ म्हणजे त्याहून जास्त पण यकृताच्या वर नाही. हे तिन्ही सहसा चांगला प्रतिसाद मानतात. ४ म्हणजे यकृतापेक्षा जास्त, ५ म्हणजे खूपच जास्त किंवा नवीन जागा उजळलेली. ४ आला म्हणजे लगेच ‘केमो फेल’ असं नसतं. आधीचा स्कॅन कसा होता आणि उजेड किती उतरला ते बघून डॉक्टर ठरवतात, कधी बायोप्सी करतात.

रिपोर्टमध्ये ‘अवशिष्ट गाठ २ सेंटिमीटर’ असं दिसलं की घरचे हबकतात. लिम्फोमा मेल्यावरही त्याचा व्रण गाठीच्या आकाराने उरतो. चुलीत राख किती आहे ते सीटी सांगतो, निखारा उरलाय का ते पेट सांगतो. गाठ आहे पण उजेड नाही, असं लिहिलं असेल तर बहुधा ती चांगली बातमी असते.

उलट बाजूही सांगायला हवी. सेंटिमीटरभरापेक्षा लहान गाठ पेटवर निसटू शकते. मेंदू स्वतःच इतका उजळतो की त्यातल्या छोट्या गाठी त्या उजेडात हरवतात, तिथे एमआरआय लागतो. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर, सावकाश वाढणारे न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचे) ट्यूमर, यकृताचे आणि किडनीचे काही कॅन्सर साखर फारशी खातच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत, प्रोस्टेटसाठी पीएसएमए, न्यूरोएंडोक्राइनसाठी डोटाटेट. शेजाऱ्याच्या पेट स्कॅनशी आपला ताडून बघण्यात म्हणूनच अर्थ नसतो, दोघांच्या शिरेतून वेगळंच औषध गेलेलं असू शकतं.

आणखी दोन-तीन शब्द रिपोर्टमध्ये हमखास भेटतील. ‘फिजिओलॉजिकल अपटेक’ म्हणजे नेहमीचा, अपेक्षित उजेड. ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणजे कशामुळे ते चित्रावरून ठरवता येत नाही, बऱ्याचदा किरकोळ. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी पेशंट समोर बसवून ठरवावं. हे शेवटचं आम्ही हात झटकण्यासाठी लिहितो असा समज आहे. कधीकधी तसं होतंही, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं: मी आईंना पाच मिनिटं भेटलेला असतो, तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट त्यांना पहिल्या दिवसापासून बघत आलेले असतात. तेव्हा रिपोर्ट मोबाइलवर रात्री आला तर एकेक ओळ इंटरनेटवर शोधत बसण्याआधी त्यांची वेळ घ्या, आणि जाताना दोन्ही स्कॅनच्या सीडी, जी-सीएसएफच्या तारखा आणि त्या दिवशीची शुगर लिहिलेला कागद सोबत ठेवा.